खनिज तेलाच्या विहिरी : लाभ कोणाचा, झळ कोणाला?

भोर आणि वेल्हे – वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचे – ह्या आपल्या मुलखात खनिज तेलाची एकही विहीर नाही. तेव्हा तोरण्याच्या पायथ्याचा एखादा शेतकरी विचारील, "मास्तर, मग हे तेलपुराण आमच्यापुढे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्याच्या घरातच सापडेल. स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर, चिखलणीला आणलेला पॉवर टिलर, भाताला टाकायचा युरिया आणि घाट चढून येणारी एस.टी., ह्या साऱ्यांचे मूळ कुठल्या तरी तेलविहिरीत आहे. त्यांतल्या काही विहिरी तर आपल्याच राज्याच्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रात आहेत.

आणखी एक कारण आहे. जमिनीच्या पोटातले धन बाहेर काढावे की नाही, काढले तर लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हा वाद आज आसामात, तमिळनाडूत आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर चालू आहे. आपल्याकडे तेल नसले तरी पाणी आहे, आणि पाण्याच्या बाबतीत हा वाद भोर-वेल्ह्याने शंभर वर्षे अंगावर घेतला आहे. त्यामुळे तो समजायला आपल्याला कोणी फार शिकवायला नको.

आधी तेल आपल्याकडे का नाही ते पाहू. राजगड, तोरणा, रायरेश्वर, सगळा हा डोंगर काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, पुन्हा नवा आला. असे थरावर थर साचले. डोंगराच्या कड्यावर पायऱ्यांसारखे जे पट्टे दिसतात ते हेच थर. मुलांना किल्ल्यावर सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी ते अवश्य बोट करून दाखवावेत, पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते बरे. आता तेल कसे होते? उथळ समुद्रात किंवा खाडीत सूक्ष्म जीव आणि वनस्पती मरून तळाशी पडतात, त्यांवर गाळ बसतो, गाळाचे ओझे वाढते, खालची उष्णता लागते आणि कोट्यवधी वर्षांनी त्यांचे तेल व वायू होतात. म्हणजे तेलाला गाळाचा खडक हवा. लाव्ह्याच्या खडकात ते जन्म घेत नाही.

कोणी म्हणेल, कातळाच्या खाली गाळाचा खडक असेल तर? शंका चांगली आहे. दख्खनच्या कातळाखाली काही ठिकाणी तसे खडक आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांचा शोध घेत असतात. पण आपल्या दक्षिणेला, ह्याच सह्याद्रीत, कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पुरे झाले, तेव्हा सुमारे १,२५० मीटर काळा कातळ संपल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुनाट खडक लागला. मध्ये गाळाचा थर मिळाला नाही. कोयनेला जे दिसले ते भोरलाही तंतोतंत असेल असे नव्हे, पण आपल्या परसात तेल लागेल म्हणून कोणी जमिनीचे सौदे करायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे हे उत्तम.

मात्र हाच काळा कातळ पश्चिमेकडे समुद्राच्या तळाशीही गेला आहे. तिथे त्याच्यावर समुद्राने पुढची कोट्यवधी वर्षे गाळ टाकला, चुनखडी साचली, आणि त्या चुनखडीच्या छिद्राछिद्रांत तेल मुरून राहिले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, जेमतेम ७५ मीटर पाण्याखाली, १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' ह्या जपानमध्ये बांधलेल्या खोदाई जहाजाला तेथे तेल लागले. हेच 'बॉम्बे हाय', आताचे 'मुंबई हाय'. १९७६ च्या मे महिन्यात तेल बाहेर येऊ लागले.

त्या दोन तारखांच्या आधीचे वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत जगात तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आपला देश बहुतेक तेल बाहेरून आणणारा. परकीय चलन तुटपुंजे. अशा वेळी मुंबईच्या समुद्रात तेल सापडणे म्हणजे दुष्काळात झरा फुटण्यासारखे होते. त्यापुढच्या दहा वर्षांत देशाची निम्म्याहून बरीच अधिक गरज देशी तेलावर भागू लागली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा ह्या एका क्षेत्राचा होता. तेलखोदाईच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे इथे भक्कम आहे, आणि ते हलके लेखण्यात अर्थ नाही. आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशातून आणतो. घरचे एक पीप तेल निघाले की बाहेरचे एक पीप कमी घ्यावे लागते, इतका हा सरळ हिशेब आहे.

तेलाबरोबर वायूही निघतो. आरंभीच्या वर्षांत तो नेण्याची व्यवस्था अपुरी होती, म्हणून पुष्कळसा वायू समुद्रावरच जाळून टाकला जाई. पुढे उरणपर्यंत नळ आले, अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खताचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात उभा राहिला, आणि त्या वायूचे खत होऊ लागले. वायूतला हायड्रोजन वेगळा करायचा, हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालून अमोनिया करायचा आणि अमोनियाचा युरिया. आज ह्या कामाला परदेशातून जहाजाने आलेला द्रवरूप वायूही लागतो. मावळातल्या इंद्रायणीच्या खाचरात पडणारा तो पांढरा दाणा हा असा समुद्राच्या पोटातून आलेला असतो. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, कारण खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते. वायू महागला की गोणीची किंमत वाढत नाही; सरकारचे अनुदान वाढते, म्हणजे अखेर ते आपल्याच करातून जाते.

एवढा लाभ झाला तर महाराष्ट्राला ह्या तेलातून काय मिळाले? इथे बहुतेकांची समजूत चुकते. आपल्या घटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे सागरी हद्दीतल्या समुद्रतळाखालची खनिजे केंद्र सरकारच्या मालकीची असतात. जमिनीवर तेल निघाले तर त्याचे स्वामित्वधन त्या राज्याला मिळते, म्हणून आसाम आणि गुजरात ह्यांना ते मिळते. समुद्रातल्या तेलाचे तसे नाही. महाराष्ट्राच्या तिजोरीत ह्या व्यवहारातून पैसा येतो तो मुख्यतः पंपावर पेट्रोल-डिझेल विकले जाते तेव्हाच्या करातून. म्हणजे नसरापूरच्या पंपावर आपण जे भरतो त्यातून.

आता दुसरी बाजू. तेलाची विहीर खणणे म्हणजे काय हे बोअर पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. नळीच्या टोकाला दातेरी बिट, ते फिरते आणि खडकाचा चुरा होतो. फरक एवढाच की आपली पाण्याची बोअर फार तर काही शे फूट, आणि इथे किलोमीटरच्या हिशेबाने खाली जायचे. वरून एक चिखलासारखा जड द्राव सतत खाली सोडतात. तो बिट थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालच्या तेल-वायूचा दाब दाबून धरतो. खालचा दाब त्या द्रवाला भारी झाला आणि वरची झाकणेही वेळेवर बसली नाहीत, की विहीर उसळते. विहिरीच्या भिंतीला पोलादी नळ्या घालून त्यांमागे सिमेंट भरतात, म्हणजे तेल किंवा खारे पाणी वरच्या गोड्या पाण्याच्या थरात झिरपू नये. हे सिमेंट नीट बसले तर ठीक. न बसले तर गावची विहीर कायमची बिघडू शकते, आणि ते कळायला कधी कधी वर्षे लागतात.

ह्याखेरीज दोन गोष्टींचा लोक फारसा विचार करत नाहीत. एक, तेलाबरोबर निघणारे खारट पाणी. क्षेत्र जसजसे जुने होते तसतसे तेल कमी व पाणी अधिक येते, ते तेलमिश्रित असते आणि त्याची विल्हेवाट नीट लावणे खर्चाचे असते. दुसरी, गळणारा वायू. तो म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने धरले तर तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी. जाळला तर धूर, सोडला तर त्याहून वाईट.

अपघातांची गोष्ट तर डोळ्यांपुढची आहे. २००५ साली २७ जुलैला, मुंबई महापुरात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या एका फलाटाला जहाज आदळले, वायूच्या नळाला आग लागली, फलाट जळून समुद्रात गेला आणि २२ माणसे गेली. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळात त्याच क्षेत्रात कामगारांना राहण्यासाठी ठेवलेला 'पी-३०५' हा तराफा बुडाला. तो आणि त्याबरोबरची एक टग-नौका मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. ह्यांतले बरेच कंत्राटी कामगार होते. देशाला तेल मिळाले असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या किमतीत ही नावेही धरावी लागतात.

जमिनीवर काय होते ते आसामात दिसले. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे २०२० च्या २७ मेला वायूची एक विहीर उसळली. ९ जूनला तिने पेट घेतला. आग विझवणारे दोन जवान दगावले, हजारो लोकांना घरे सोडून छावणीत राहावे लागले, शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीतले मासे मेले, आणि विहीर पूर्णपणे ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. तिथले शेतकरी आपल्यासारखेच भातवाले. त्याच वर्षी तमिळनाडूने कावेरीच्या मुखाकडचा भातशेतीचा प्रदेश कायद्याने संरक्षित केला आणि तेथे तेल-वायूच्या नव्या प्रकल्पांना मज्जाव केला. एका राज्याने भात निवडला, असे म्हणता येईल; पण तिथे आधीपासून चालू असलेल्या विहिरी तशाच राहिल्या हेही सांगायला हवे.

आपल्या किनाऱ्यावर झळ पोचते ती कोळ्यांना. प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचा पट्टा सुरक्षेसाठी बंद असतो. कारण योग्य आहे, पण फलाटाच्या खांबांपाशी मासळी जमते आणि नेमके तिथेच जाळे टाकता येत नाही. समुद्रतळाची पाहणी चालू असली की त्या भागातून होड्या दूर ठेवाव्या लागतात. पालघर-डहाणूच्या मच्छीमारांनी त्यासाठी वेळोवेळी भरपाई मागितली आहे. उरणच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्यातला मोठा भार बंदरावर होता, कारण खाडी बुजवणे आणि कांदळवन तोडणे हा मुख्य दोष बंदराच्या कामाचा. पण तेल महामंडळावर आणि सिडकोवरही वाटा ठेवला होता. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. कोळ्याची खाडी ज्या वेगाने जाते त्या वेगाने न्याय येत नाही.

आता भोर-वेल्ह्याकडे परत येऊ. भाटघरचे धरण १९२७ च्या सुमारास पुरे झाले. वेळवंडीचे खोरे पाण्याखाली गेले आणि सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाऊ लागले. तिकडे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. पुढे नीरा-देवघर झाले. वेल्ह्याकडे पानशेत, वरसगाव झाली, त्यांचे पाणी पुण्याला. पानशेत तर काम पुरे होण्याआधीच भरले आणि १९६१ च्या १२ जुलैला फुटले, हे जुनी माणसे अजून सांगतात. गुंजवणीचे पाणी बंद नळातून कोणाला किती द्यायचे ह्याचा वाद अलीकडचाच आहे. आणि ज्या डोंगरांवर पावसाळ्यात धो धो कोसळते, त्याच डोंगरांवरच्या वाड्या वैशाखात टँकरची वाट पाहतात.

धरणे नको होती असे मी म्हणत नाही. माळशिरसचा शेतकरीही आपलाच आणि पुण्याच्या नळावर आपलीच मुले शिकायला राहिली आहेत. पण खोऱ्याने जमीन दिली, घरे दिली, आणि हिशेब मांडताना खोरे खालच्या रकान्यात गेले. तेलाच्या वादातही मुळात हेच आहे. 'विकास हवा की निसर्ग हवा' असा प्रश्न मांडला की वादाला जोर चढतो, टाळ्या पडतात, पण उलगडा होत नाही. ज्याला झळ बसते त्याला लाभ किती, आणि हे ठरवताना त्याला विचारले कोणी, असे विचारले की वाद जमिनीवर येतो. माझे मत विचाराल तर उद्या सकाळी सगळ्या विहिरी बंद करा म्हणणे हे पॉवर टिलर न वापरणाऱ्याचे बोलणे आहे; आणि नुकसान क्षुल्लक आहे म्हणणे हे खाडीकाठी न राहणाऱ्याचे.

पाणी आणि तेल ह्यांत एक मोठा फरक मात्र आहे. भाटघर दर वर्षी भरते. तेल एकदा काढले की गेले. मुंबई हाय १९८० नंतरच्या दशकात ऐन भरात होते, आज तिथले उत्पादन त्या मानाने पुष्कळ खाली आले आहे. २०२५ च्या जानेवारीत ते वाढवण्यासाठी 'बीपी' ह्या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडावे लागले. तेल विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ती वडिलोपार्जित जमीन विकून आलेली रक्कम आहे. जमीन विकून लग्न थाटात करणारा आणि दुसरी जमीन घेणारा, ह्यांतला फरक आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. नॉर्वेने हे ओळखून १९९० साली तेलाच्या पैशाचा कायमचा निधी कायद्याने केला. आपल्या शेजारच्या गोव्यात लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितले. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत झळ बसलेल्या लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा निधीही असतो. खनिज तेल मात्र त्या तरतुदीच्या बाहेर राहिले आहे. मला ही उणीव मोठी वाटते.

तेल जाळल्यावर काय होते हा शेवटचा आणि सर्वांत लांबचा खर्च. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुले ह्यावर हसतात, की लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नाही, मग पावणेतीन किलो आले कुठून? वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. फळ्यावर हे गणित करून दाखवण्याजोगे आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात फार पडण्याचा संभव वाढतो. माळीण २०१४ साली गेले, इर्शाळवाडी २०२३ साली. एखाद्या दरडीचे खापर तेलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. उतार, माती, तोडलेली झाडे, कापलेले रस्ते ह्यांचाही त्यात हात असतो. पण तीव्र उतारावर वाडी असलेल्या माणसाला तीन तासांत कोसळणारा पाऊस हा काही दूरचा विषय नाही.

राहता राहिले विचारण्याचे. मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी, असे २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते. तेल-वायूच्या बाबतीत २०२० च्या जानेवारीत ह्यात बदल झाला. नुसत्या शोधासाठीच्या खोदाईला सुनावणीतून मोकळीक मिळाली; तेल काढायचे ठरल्यावरच्या कामाला मात्र ती लागते. बदलाच्या बाजूचे म्हणतात की शोध लवकर लागावा. विरोधक म्हणतात की एकदा खोदून तेल लागले, खर्च झाला, की पुढची सुनावणी नावापुरती उरते. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. बाघजानची विहीर वायू काढण्यासाठी चालू असलेली होती हे खरे, पण शोधाच्या विहिरीतही दाब तोच असतो.

सुनावणी होते तेव्हा निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पंचायतीच्या कचेरीत ठेवावा लागतो. हा नियम तेलापुरता नाही. खाण, धरण, कारखाना, अशा कितीतरी कामांना तो लागू आहे. गावातल्या शिक्षकाने तो सारांश मागून आणावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, आणि काम संपल्यावर खड्डा कोण बुजवणार, ही तीन उत्तरे त्यात आहेत का ते पाहावे. नसतील तर सुनावणीच्या दिवशी लेखी विचारावे, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.